सेंट पँक्रस: एका जुन्या चर्चच्या आवारातल्या कबरींचा हिशेब

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून बाहेर पडून उत्तरेकडे थोडं चाललं की रुळांच्या कडेला एक बुटकं, जुनं चर्च लागतं. नावच 'सेंट पँक्रस ओल्ड चर्च'. भोवती बाग आहे. दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं तिथे बाकांवर डबे खातात. बागेत मधूनमधून थडगी दिसतात, पण एका फेरीत मोजून होतील एवढीच. या जमिनीत पुरलेली माणसं मात्र हजारोंनी आहेत. मग बाकीचे दगड कुठे गेले? आणि जे दगड उभे आहेत त्यांच्याखाली ज्याचं नाव कोरलंय तोच माणूस आहे का?

कुठल्याही जुन्या चर्चच्या दफनभूमीचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जमिनीखालची हाडं, जमिनीवरचा दगड आणि चर्चच्या दप्तरातली नोंद या तीन वेगवेगळ्या चिजा आहेत. दफनाच्या दिवशी त्या एकत्र असतात. पुढे तिघींच्या वाटा फुटतात. सेंट पँक्रसला ही फाटाफूट फार स्पष्ट दिसते, म्हणून उदाहरणाला हीच जागा घेतली आहे.

चर्चच्या अंगणातच का?

इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे एका चर्चचा इलाखा. त्या इलाख्यात राहणाऱ्याला त्याच चर्चच्या आवारात पुरलं जाण्याचा हक्क असे. हा हक्क जागेचा होता, कायमच्या कबरीचा नव्हे. मातीत मिसळून गेलात की तुमची जागा पुढच्याची. ही कल्पना मुंबई-वसईकडच्या कॅथलिक वाचकांना नवी वाटायची नाही. तिथेही बहुतेक कबरी ठरावीक मुदतीच्या असतात. मुदत संपली की अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात, म्हणजे 'नीश'मध्ये ठेवतात, नाहीतर सामायिक विहिरीत सोडतात आणि कबर पुन्हा वापरतात.

आवारातही प्रतवारी असे. सगळ्यात महाग जागा चर्चच्या आत, फरशीखाली, आणि वेदीजवळ तर आणखी महाग. बाहेर दक्षिणेची बाजू पसंतीची, कारण ती उन्हाची. उत्तरेला चर्चची सावली पडते, म्हणून तिकडे परके, आत्महत्या केलेले, बाप्तिस्मा न झालेली बाळं यांना जागा मिळे. प्रेताचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, कारण शेवटच्या दिवशी उठून बसताना तोंड उगवतीकडे हवं. जुन्या आवारात एखादी कबर या दिशेला फटकून दिसली, तर ती नंतरची किंवा हलवलेली असण्याची शंका घ्यावी.

दगड ही गोष्ट बरीच उशिराची. सतराव्या शतकापर्यंत साध्या माणसाच्या कबरीवर दगड नसायचाच. असलीच तर दोन खुंटांवर आडवी लाकडी फळी, ती पंचवीस-तीस वर्षांत कुजून जायची. म्हणजे चर्च हजार वर्षं जुनं असलं तरी दगड तीनशे-साडेतीनशे वर्षांपलीकडचे क्वचितच सापडतात. त्याआधीची सगळी माणसं बिनदगडाची.

कागद मात्र दगडापेक्षा जुना आहे. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला लावलं. सुरुवातीच्या नोंदी एका ओळीच्या: तारीख आणि नाव. १८१३पासून छापील रकाने आले, तेव्हा कुठे पत्ता आणि वय नियमाने लिहिलं जाऊ लागलं. सतराव्या शतकातल्या वह्यांत मध्येच लोकरीचा उल्लेख येतो, तो वाचून बुचकळ्यात पडू नये. देशी लोकरीचा धंदा चालावा म्हणून प्रेताला लोकरीचंच कफन घालण्याचा कायदा होता. कुटुंबाने तसं शपथेवर सांगायचं, नाहीतर ५ पौंड दंड. ऐपतदार मंडळी दंड भरून तागाचं तलम कापड वापरत. हा कायदा १८१४ला रद्द झाला, पण त्याचं पालन त्याच्या आधीच सुटलं होतं.

ओढ्याकाठचं एकटं चर्च

पँक्रस हा रोममधला पोरगेला हुतात्मा. इ. स. ३०४च्या सुमारास, चौदाव्या वर्षी त्याला मारल्याची परंपरा आहे. चर्च फ्लीट नावाच्या ओढ्याच्या काठी उभं राहिलं. आज तो ओढा जमिनीखालच्या गटारातून वाहतो. हे इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती स्थळांपैकी एक, असं नेहमी सांगितलं जातं. त्याला ठाम पुरावा नाही. भिंतींत नॉर्मन काळातलं, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातलं, बांधकाम आहे एवढं खरं. आज दिसणारं रूप मात्र बरंचसं १८४७-४८च्या डागडुजीतलं.

मध्ययुगातच इथली वस्ती उंचावरच्या केंटिश टाउनकडे सरकली आणि चर्च शेतांत एकटं पडलं. या एकटेपणातूनच पुढची सगळी कथा निघते. लंडनमधल्या कॅथलिकांना स्वतःची दफनभूमी नव्हती. त्यांनी पॅरिशच्या आवारांतूनच जागा शोधायची, आणि शहराबाहेरचं, फारशी चौकशी न करणारं सेंट पँक्रस त्यांना सोयीचं पडलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पळून आलेले पाद्री आणि सरदार इथेच विसावले. कॉर्सिका बेटाचा पुढारी पास्क्वाले पाओली १८०७ला इथे पुरला गेला, १८८९ला त्याचे अवशेष मायदेशी नेले. आयुष्याचा मोठा भाग बाई म्हणून जगलेला फ्रेंच मुत्सद्दी आणि हेर शव्हालिए देऑन १८१०ला इथे आला. जर्मन संगीतकार थोरल्या बाखचा धाकटा मुलगा योहान क्रिस्टियान बाख १७८२ला. त्याचं आडनाव नोंदवहीत 'बॅक' असं लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याने कानावर पडलं ते उतरवलं. जुन्या नोंदींत नाव शोधताना उच्चाराप्रमाणे होणारी सगळी स्पेलिंगं तपासावीत असं म्हणतात, ते यासाठी.

स्त्रियांच्या हक्कांचा पहिला घणाघाती मसुदा लिहिणारी मेरी वुलस्टनक्राफ्ट हिचं लग्न याच चर्चमध्ये २९ मार्च १७९७ला लेखक विल्यम गॉडविनशी झालं. ३० ऑगस्टला मुलगी झाली आणि १० सप्टेंबरला बाळंतरोगाने मेरी गेली. तिला इथेच पुरलं. तिच्या मुलीने, म्हणजे पुढे 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणाऱ्या मेरी शेलीने, आईचं नाव कबरीवर वाचतच अक्षरं गिरवली असं सांगतात. १८५१ला मेरी शेलीही वारली, तेव्हा तिच्या मुलाने आजी-आजोबांचे अवशेष उकरून दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला नेले. दगड मात्र सेंट पँक्रसलाच राहिला. आजही लोक त्याच्यापुढे फुलं ठेवतात. खाली ना वुलस्टनक्राफ्ट आहे, ना गॉडविन.

किती माणसं मावतात?

आता थोडा गुंठ्यांचा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या कबरीला सात फूट लांबी आणि अडीच-तीन फूट रुंदी लागते. मध्ये माती उभी राहायला अंतर सोडायचं, नाहीतर शेजारची बाजू ढासळते. असं धरून एका गुंठ्यात फार तर पस्तीस कबरी बसतात. एकरात चौदाशे. एखाद्या पॅरिशमध्ये वर्षाला पाचशे माणसं मरत असतील, तर एक एकर तीन वर्षांच्या आत भरतो.

सेंट पँक्रस पॅरिशची लोकसंख्या १८०१ला साधारण ३२ हजार होती. १८५१ला ती १ लाख ६७ हजारांच्या आसपास गेली. जमीन वाढली ती थोडीच. शेजारी लागून सेंट जाइल्स या दुसऱ्या पॅरिशने १८०३ला जागा घेतली, पण तिथे त्यांची माणसं. मग उरतात दोन उपाय: खोल जाणं आणि लवकर परत येणं.

खोल जाणं म्हणजे एकाच खड्ड्यात पेट्यांची चळत. गरिबांसाठी पंधरा-वीस फुटांचा खड्डा खणायचा, पेट्या एकावर एक ठेवत यायच्या, आणि तो भरेपर्यंत वर फक्त फळ्या टाकून ठेवायच्या. 'सहा फूट खोल' हा काही सार्वत्रिक नियम नव्हता. खालची पेटी वीस फुटांवर असे, वरची कधी कधी हातभर मातीखाली.

लवकर परत येणं म्हणजे आधीचं प्रेत पुरतं कुजण्याआधी तीच जागा पुन्हा उकरणं. इंग्लंडच्या थंड हवेत साध्या मातीत, लाकडी पेटीत, मोठ्या माणसाचा सांगाडा व्हायला सुमारे दहा-बारा वर्षं लागतात. लंडनची माती चिकट. पाणी धरते, हवा शिरू देत नाही. अशा जागी अंगातल्या चरबीचा साबणासारखा पांढरट थर होतो आणि कुजण्याची गती आणखी मंदावते. श्रीमंतांची पेटी शिशाची असेल तर विचारूच नका. आत वायू कोंडून पत्रा फुगतो, म्हणून तळघरातल्या अशा पेट्यांना मुद्दाम भोक पाडून वायू सोडावा लागे, आणि ते काम करणारे कित्येकदा भोवळ येऊन पडत. थोडक्यात, जमिनीला दहा वर्षं हवी होती आणि शहराने तिला दोन-तीनच दिली. खणणाऱ्याच्या फावड्याला काय लागत असेल ते सांगायला नको.

याचा एक परिणाम आजही डोळ्यांना दिसतो. जुन्या इंग्रजी आवारात चर्च खचल्यासारखं भासतं, दाराशी दोन-तीन पायऱ्या उतराव्या लागतात. बहुतेक वेळा चर्च खचलेलं नसतं, भोवतीची जमीन चढलेली असते. एका थराने ती काही इंचच चढते आणि पेट्या कुजून दबल्या की त्यातली बरीच उतरतेही. पण हाडं, लाकूड, चुना, बाहेरून आणून टाकलेली माती हे सगळं सात-आठ शतकं साचत गेलं की फुटांत फरक पडतो.

प्रेतचोरांचा धंदा

एकट्या आवाराला एक भलतंच गिऱ्हाईक होतं. वैद्यकशाळांना चिरफाडीसाठी कायद्याने मिळत ती फक्त फाशी दिलेल्या खुन्यांची प्रेतं. विद्यार्थी शेकड्यांनी वाढले, फाशी कमी झाल्या. ती तूट रात्रीचे प्रेतचोर भरून काढत.

त्यांची पद्धत ठरलेली. सगळी कबर उकरायची नाही. नुकत्याच भरलेल्या कबरीच्या फक्त डोक्याकडची तिसरा हिस्सा माती काढायची, तीही लाकडी फावड्याने, कारण लोखंड दगडावर वाजतं. माती गोणपाटावर साठवायची म्हणजे गवतावर खूण राहत नाही. पेटीच्या झाकणाखाली आकडे अडकवून दोराने वर ओढायचं. उरलेल्या भागावर मातीचं ओझं असतं, म्हणून झाकण मध्येच मोडतं. काखेत दोर घालून प्रेत वर काढायचं, कफन परत पेटीत टाकायचं, माती पूर्ववत. कफन परत का? कारण प्रेत कुणाच्याच मालकीचं नसतं, ते नेणं हा किरकोळ गुन्हा. कफन ही मालमत्ता, ते नेणं ही चोरी, आणि चोरीची शिक्षा कडक. धंद्याचा हंगाम हिवाळा. शरीरशास्त्राचे वर्ग थंडीतच भरत, प्रेत टिकतही थंडीतच.

१८३१ला लंडनमध्ये प्रेतं विकण्यासाठी सरळ खूनच करणारी टोळी पकडली गेली. पुढच्याच वर्षी कायदा आला आणि अनाथालयं, इस्पितळं यांतली बेवारस प्रेतं वैद्यकशाळांना मिळू लागली. चोरांचा धंदा बसला. हा न्याय मात्र विचित्रच: श्रीमंतांच्या कबरी सुरक्षित झाल्या त्या गरिबांची प्रेतं सरकारजमा करून.

चिरफाडीनंतरचे अवशेषही शेवटी दफनभूमीतच येत. सेंट पँक्रसच्या उत्खननात एका पेटीत अनेक माणसांची कापलेली हाडं सापडली आणि त्यांत वॉलरस या समुद्री प्राण्याची हाडं मिसळलेली. कुणा वैद्यकशाळेने अभ्यास संपल्यावर माणूस आणि जनावर एकाच पेटीत भरून पाठवले असावेत, हाच त्यातल्या त्यात पटणारा तर्क.

दार बंद

१८३२ला आणि पुन्हा १८४८-४९ला लंडनमध्ये पटकीची साथ आली. जॉर्ज आल्फ्रेड वॉकर नावाच्या शल्यवैद्याने १८३९पासून आवाराआवारात फिरून नोंदी करून बोंब उठवली होती. सगळ्यांत कुप्रसिद्ध उदाहरण ईनॉन चॅपेलचं. तिथल्या फळ्यांखालच्या तळघरात सुमारे १२ हजार प्रेतं कोंबली होती असं सांगतात, आणि वर रविवारची प्रार्थना चालत होती.

त्या काळी समज असा की रोग दुर्गंधीतून पसरतो, म्हणून दफनभूमीची घाण हवा पटकी आणते. हे कारण चूक होतं. पटकी पसरते ती विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून. पण चुकीच्या कारणाने उचललेलं पाऊल बरोबर पडलं. १८५२च्या कायद्याने लंडनमधली भरलेली आवारं बंद करण्याची आणि पॅरिशांनी शहराबाहेर जमीन घेण्याची सोय झाली. सेंट पँक्रसने शहराबाहेर फिंचलीला ८८ एकरांचं शेत घेतलं. १८५४ला ते सुरू झालं आणि लंडनमधली सार्वजनिक मालकीची ती पहिली दफनभूमी ठरली. त्याच वर्षी जुन्या आवाराचं दार बंद झालं.

हुबेहूब नव्हे, पण बरीचशी अशीच गोष्ट मुंबईतही दहा-अकरा वर्षांनी घडली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६५ला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या काळातली. चर्चच्या अंगणातून नगरपालिकेच्या जमिनीवर, हा प्रवास दोन्ही शहरांनी केला.

रुळांखालची माती

आवार बंद झालं, पण शांतता मिळाली नाही. मिडलंड रेल्वेला लंडनमध्ये स्टेशन हवं होतं. वाटेत रीजंट्स कालवा आडवा. कंपनीने रूळ कालव्यावरून नेले, त्यामुळे सेंट पँक्रस स्टेशनचे फलाट रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच झाले. खाली उरलेल्या जागेत बिअरची पिंपं ठेवायचं ठरलं आणि खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापाने आखलं गेलं. हे सगळं ठीक. पण मुख्य मार्ग आवाराच्या कडेवरून जात होता, आणि भुयारी रेल्वेला जोडणारा फाटा थेट आवाराखालून.

सुरुवातीला कंत्राटदाराची माणसं बेपर्वाईने खणू लागली. पेट्या फुटल्या, हाडं उघडी पडली, गावभर ओरड झाली. तेव्हा लंडनच्या बिशपने वास्तुविशारद आर्थर ब्लोमफील्डला देखरेखीवर नेमलं. ब्लोमफील्डने आपल्या हाताखालचा एक तरुण रोज संध्याकाळी तिथे पाठवला. तो थॉमस हार्डी, पुढचा कादंबरीकार. उंच कुंपण घालून, त्याच्या आड मशालींच्या उजेडात काम चाले. पेटी धड असेल तर फळीवर घेऊन तशीच उचलायची. हात लावताच विरली तर नव्या पेटीत अस्थी भरायच्या. एका पेटीत एक सांगाडा आणि दोन कवट्या निघाल्या. पुढे कितीतरी वर्षांनी भेटल्यावर ब्लोमफील्डने हार्डीला त्या 'दोन डोक्यांच्या माणसा'ची आठवण करून दिली. ज्याने चळतीचा हिशेब वर वाचला आहे त्याला दुसरी कवटी कुठून आली याचं नवल वाटणार नाही.

स्टेशन १ ऑक्टोबर १८६८ला सुरू झालं. १८७७ला उरलेल्या आवाराची सार्वजनिक बाग झाली. बाग करायची म्हणजे बहुतेक दगड उपटून भिंतीला टेकवायचे किंवा झाडाभोवती रचायचे. इथे दगड आणि हाडं यांची उरलीसुरली सोबतही सुटली. अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य दानशूर बाईंनी १८७९ला तिथे एक उंच, गोथिक घाटाचं छायाघड्याळ उभारलं. ज्यांच्या कबरी नाहीशा झाल्या त्यांतली नामांकित नावं त्यावर कोरली आहेत. देऑन आणि पाओली त्यातच भेटतात.

हार्डीचं झाड

एका ॲश वृक्षाच्या बुंध्याभोवती शेकडो दगड पंख्यासारखे गोल रचलेले, मुळांनी त्यांतले कित्येक गिळलेले, असं दृश्य इथे होतं. 'हार्डी ट्री' म्हणून ते जगप्रसिद्ध झालं. रचना हार्डीने केली असं प्रत्येक गाइड सांगायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या छायाचित्रांत मात्र दगडांचा ढीग आहे आणि झाड नाही. म्हणजे झाड मागाहून ढिगात रुजलं असणार, आणि हार्डीच्या हातचा दगड त्यात असल्याचा पुरावा नाही. गोष्ट गोड होती, म्हणून टिकली.

२०१४ला त्या झाडाच्या बुंध्याला कुजवणारी बुरशी आढळली. अशी बुरशी मुळाजवळचं लाकूड आतून पोखरते. वर पालवी हिरवीगार असते, धरून ठेवायला खाली काही नसतं. २७ डिसेंबर २०२२ला झाड कोसळलं.

दुसऱ्यांदा रेल्वे

लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला जाणारी युरोस्टारची गाडी सुमारे ४०० मीटर लांब. १८६८ची छत असलेली शेड त्याच्या जेमतेम निम्मी. गाडी सेंट पँक्रसला आणायची तर फलाट उत्तरेकडे वाढवणं भाग होतं, आणि उत्तरेला दफनभूमी. इंग्लंडमध्ये १८५७पासून नियम आहे की पुरलेले अवशेष चर्चच्या किंवा सरकारच्या लेखी परवानगीवाचून हलवता येत नाहीत. या रेल्वेसाठी संसदेने १९९६ला वेगळा कायदाच केला.

२००२-०३ला एक हजाराहून जास्त दफनं निघाली. वेळ कमी म्हणून मध्येच पुरातत्त्वज्ञांना बाजूला सारून यंत्राने माती काढायचा घाट घातला गेला. त्यावर टीका झाली आणि त्यांना परत बोलवावं लागलं. ही घाई का वाईट, ते एका पेटीवरून कळतं. आर्थर रिचर्ड डिलन हा फ्रान्समधल्या नारबॉनचा शेवटचा आर्चबिशप, परागंदा होऊन १८०६ला लंडनमध्ये वारला. पेटीवरची नावाची पट्टी वाचता आली म्हणून त्याची ओळख पटली. तोंडात चिनीमातीच्या दातांची कवळी होती, स्प्रिंग लावलेली. २००७ला त्याला नारबॉनला नेऊन पुरलं. यंत्राच्या बकेटमध्ये पट्टीही गेली असती आणि कवळीही.

पट्टी कशाची आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. कथलाचा मुलामा दिलेला पत्रा ओल्या मातीत गंजून नाहीसा होतो. शिशाची पट्टी टिकते. युस्टन स्टेशनशेजारच्या सेंट जेम्स दफनभूमीत जानेवारी २०१९ला ऑस्ट्रेलियाचा किनारा आखणारा मॅथ्यू फ्लिंडर्स सापडला, तो शिशाच्या पट्टीमुळेच. त्याचा दगड कधीच हरवला होता.

दगड वाचायचा कसा

अशा आवारात गेलात तर पुसट अक्षरांसाठी खडू, विटकर, तारेचा ब्रश, ॲसिड यांतलं काही वापरू नका. खडूने दगडाच्या छिद्रांत भुकटी बसते, तारेने वरची साल निघते, ॲसिड चुनखडीचा दगड सरळ खातं. बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर, टॉर्चचा किंवा आरशाने वळवलेला उन्हाचा झोत पाडा. खोबणीत सावली धरते आणि अक्षर उठतं. सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात गेलात तर टॉर्चही लागत नाही.

लंडनमध्ये चुनखडीचे दगड कोळशाच्या धुराने आलेल्या आम्लयुक्त पावसाने झिजले. वालुकाश्म उभा बसवला की पापुद्रे सुटतात आणि अक्षरांसकट गळून पडतात. पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, अडीचशे वर्षांनीही कालच कोरल्यासारखा वाचता येतो. लोखंडी पट्ट्यांनी जोडलेली थडगी आतून फुटतात, कारण गंजलेलं लोखंड फुगतं. दुरुस्तीत चुन्याऐवजी सिमेंट भरलं की सांधा दगडापेक्षा कठीण होतो, ओल अडकते आणि फुटतो तो दगडच.

जागेवर अजून उभं असलेलं सगळ्यांत देखणं थडगं वास्तुविशारद जॉन सोन याने बायको वारल्यावर १८१६ला बांधलं. तो स्वतः १८३७ला तिथेच पुरला गेला. संगमरवरी ठोकळा, वर चार खांबांची छत्री आणि तिच्यावर बसका घुमट. लंडनच्या लाल टेलिफोन-खोक्याचं टपर जाइल्स गिल्बर्ट स्कॉटने या घुमटावरून बेतलं असं मानतात. सेंट पँक्रस स्टेशनपुढचं गोथिक हॉटेल बांधणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा त्याचा आजोबा. आणि त्याच स्टेशनाची छाप मुंबईच्या व्हीटीवर, आजच्या सीएसएमटीवर, दिसते असं नेहमी म्हटलं जातं. व्हीटीचा वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९००ला मुंबईत मलेरियाने गेला. तो शिवडीला आहे.

शोध घ्यायचा असेल तर दगडापासून सुरुवात करू नका, नोंदवहीपासून करा. लंडनच्या पॅरिशांच्या वह्या शहराच्या अभिलेखागारात आहेत. मुंबई इलाख्यातल्या चर्चांनी कंपनी सरकारला आणि पुढे ब्रिटिश सरकारला पाठवलेल्या दफनांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. पुणे, दापोली, महाबळेश्वर इथल्या छावणीतल्या जुन्या कबरींची नावं तिथे जुळवून पाहता येतात. आधी दफनाची तारीख पक्की करा, मग ते आवार कधी बंद झालं ते पाहा, मग तिथून काही हलवलं होतं का ते. दगड शेवटी. सापडलाच तर तो मूळ जागी आहे की भिंतीला टेकवलेला, तेवढं आधी बघून घ्या.